रोजचं आवरणं: चाळिशी-पन्नाशीतली दहा मिनिटं

चष्मा लावला तर काजळ घालता येत नाही आणि काढला तर डोळाच दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला निघायच्या घाईत मी अंदाजानेच काजळ ओढलं आणि इंदूरच्या लोकमान्य नगरातून स्कूटीवर रामबागेत भावाकडे पोचले. वहिनीने दार उघडलं, क्षणभर पाहिलं आणि काही न बोलता पदराचं टोक ओलं करून माझ्या गालावरचा काळा फराटा पुसला. मग म्हणाली, "वन्सं, चाळिशी लागून दहा वर्षं झाली. आता आरसा तरी बदला."

आरसा बदलला. त्यामागोमाग साबण, टिकली, केसांचा रंग, ब्लाउजचं माप असं एकेक करत बरंच काही बदललं. मी ब्यूटीशियन नाही, डॉक्टरही नाही. बँकेत नोकरी करते, वय ५२. सकाळी डबे, पूजा, एक दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी भरून ठेवणं, हे सगळं उरकल्यावर स्वतःसाठी जेमतेम दहा मिनिटं उरतात. खाली सांगितलेलं रोजचं काम तेवढ्यात बसतं.

आपल्याकडे नटणं आणि आवरणं असे दोन शब्द आहेत. नटायला मुंज, लग्न, हळदीकुंकू असं निमित्त लागतं. आवरणं मात्र रोजचं, "आवरलं का गं?" ही हाक बाहेर पडायच्या आधी घरोघरी ऐकू येतेच. पंचविशीत नुसतं नटून भागतं, कारण बाकीचं चेहरा सांभाळून घेतो. पन्नाशीत न आवरता नटलं की पावडर सुरकुत्यांत बसते, टिकली डागावर बसते आणि भरजरी साडीखाली ब्लाउज काखेत काचतो. म्हणून हे सगळं आवरण्याबद्दल.

पहिलं काम: आरसा खिडकीत आणा

बाथरूममधल्या पिवळ्या दिव्याखाली सगळ्याच बायका बऱ्या दिसतात आणि बाहेर उन्हात आल्यावर फसगत कळते. आरसा अशा जागी ठेवा की खिडकीचा उजेड चेहऱ्यावर पडेल, पाठीवर नाही. शेजारी पाचपट मोठं दाखवणारा, स्टँडवाला छोटा आरसा ठेवा. तो फक्त काजळ आणि हनुवटीवरचे केस यांच्यापुरता. पाचपट मोठी रंध्रं रोज बघून कुणाचंही मन खट्टू होईल.

पहिल्या दिवशी चेहरा नुसत्या पाण्याने धुवा, काहीही लावू नका आणि पाच मिनिटं नीट बघा. कुठे ओढल्यासारखं वाटतंय, गालांवर किंवा कपाळावर वांग आहेत का, टिकलीच्या जागी रंग बदललाय का, मान चेहऱ्यापेक्षा किती काळी आहे? एवढंच कागदावर लिहून काढा. मानेबद्दल एक सांगते. मान किंवा काख नुसती काळी नसून मखमलीसारखी जाडसर झाली असेल, तर घासणीने घासू नका. तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते, म्हणून आधी साखर तपासून घ्या. एखाद्या तिळाचा आकार किंवा रंग बदलत असेल तर तोही डॉक्टरांना दाखवा.

सकाळ: पाणी, ओलावा, उन्हाची क्रीम

पाळी थांबायच्या सुमाराला इस्ट्रोजेन कमी होतं आणि त्वचेचं वागणं बदलतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलाजेन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं, तेलग्रंथीही मंदावतात. त्यात आपलं इंदूर. मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी ठक्क, हिवाळ्यातही पहाटे गालाला खडूसारखा कोरडेपणा. तिसाव्या वर्षी मानवणारा साबण आता चेहरा ताणतो, तो यामुळेच. साबण बिघडलेला नसतो.

सकाळी चेहऱ्याला साबण नकोच, साधं पाणी पुरे. फार वाटलं तर फेस न करणारा सौम्य फेसवॉश. घरात बोरिंगचं पाणी असेल तर ते जड असतं, साबण नीट निघत नाही आणि त्वचेवर थर राहतो. आमच्याकडे दोन्ही पाणी आहे, त्यामुळे नर्मदेचं एक बादलीभर पाणी मी चेहरा आणि केसांसाठी वेगळं ठेवते. यजमान हसतात. हसू देत.

चेहरा टिपा, रगडू नका. थोडा ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर लावा. डबीवर ग्लिसरीन, सिरामाइड, हायलुरॉनिक ॲसिड यांपैकी एखाद-दोन नावं दिसली की पुरे, महागाच्या मागे लागू नका. खोबरेल तेल हातापायांना उत्तम, पण चेहऱ्यावर पुळ्या येत असतील तर तिथे नको. आजीची दुधावरची साय? बाहेर जायचं नसेल त्या दिवशी लावा. वास येतो.

मग उन्हाची क्रीम, म्हणजे सनस्क्रीन. दहा मिनिटांतली सगळ्यात मोलाची दोन मिनिटं ही. डाग, वांग आणि बऱ्याचशा सुरकुत्या उन्हाने येतात, आणि बाकी काहीही लावलं तरी ऊन ते रोज खोडून काढतं. एसपीएफ ३० असलेली क्रीम अतिनील बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते आणि ५० असलेली सुमारे ९८. म्हणजे आकड्यापेक्षा किती लावता हे महत्त्वाचं. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांच्या लांबीएवढ्या दोन रेघा काढा; तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. बहुतेक जणी वाटाण्याएवढं लावतात आणि क्रीमला नावं ठेवतात. पाकिटावर एसपीएफच्या जोडीला पीए आणि त्यापुढे तीन-चार अधिकची चिन्हं बघा, ती अतिनील ए किरणांसाठी. हे किरण काचेतून आत येतात, तेव्हा कारमध्ये किंवा बँकेच्या काउंटरवर खिडकीशेजारी बसणारीलाही ही क्रीम हवीच.

वांग असतील तर रंगाची छटा असलेली, आयर्न ऑक्साइडवाली सनस्क्रीन घ्या. वांग नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात आणि बिनरंगाची क्रीम तो फारसा अडवत नाही. शिवाय ही छटाच फाउंडेशनचं काम करते. मी वेगळं फाउंडेशन केव्हाच सोडलं. दिवसभर उन्हात राहणार असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायची.

इंदूरच्या मुली स्कूटीवर तोंडाला ओढणी गुंडाळून वर गॉगल लावतात. बाहेरगावचे पाहुणे घाबरतात, पण त्या करतात ते शहाणपणाचं आहे. ओढणी मात्र उजेडासमोर धरून बघा. पलीकडची खिडकी स्पष्ट दिसली तर ऊनही तेवढंच आत येतं. घट्ट विणीची सुती घ्या, फिकीपेक्षा गडद बरी, आणि रोज धुवा. घामट ओढणी रोज तोंडाला बांधली की हनुवटीवर पुरळ येतं आणि आपण बिचाऱ्या क्रीमला दोष देतो.

रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्याकडे जाणाऱ्यांसाठी एवढंच: निघण्याआधी चेहरा, कानांमागे आणि केसांच्या मुळांना तेल लावा, नखांना नेलपॉलिश लावा आणि परत आल्यावर रंग घासून काढू नका. दोन-तीन आंघोळींत जातो.

रात्र: एक काम, आणि काही न करणं

रात्री चेहरा सौम्य फेसवॉशने धुवून मॉइश्चरायझर लावलं तरी निम्मं काम झालं. आणखी काही करायची हौस असेल तर रेटिनॉल, म्हणजे सुरकुत्या आणि डागांसाठीची अ जीवनसत्त्वाची क्रीम. ते आठवड्यातून दोनच रात्री, वाटाण्याएवढं, कोरड्या चेहऱ्यावर लावायचं. डोळ्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडून. त्यावर मॉइश्चरायझर. महिन्याभराने सोसलं तर एकाआड एक रात्री. सुरुवातीला थोडी सालं निघतात, परिणाम दिसायला तीन-चार महिने लागतात आणि सकाळी सनस्क्रीन चुकवून चालत नाही. दिवस राहण्याची शक्यता असेल तर रेटिनॉल अजिबात नको. पाळी अनियमित झाली म्हणजे ती शक्यता संपली असं नाही.

काय करू नये, ते जास्त महत्त्वाचं. लिंबू चोळू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. खायचा सोडा, टूथपेस्ट, तेही नको. मसूरडाळीचं पीठ दुधात कालवून आठवड्यातून एकदा हलक्या हाताने लावायला हरकत नाही, पण ते मऊ दळलेलं हवं.

आणि क्रीम. भाचीच्या लग्नाआधी ओळखीच्या एका पार्लरमधून मी 'खास' क्रीम आणली होती. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की मांडवात तीन जणींनी नाव विचारलं. लग्न झालं, क्रीम बंद केली आणि आठवड्याभरात गाल लालबुंद. उन्हात गेलं की आग, बारीक पुळ्या, ओठांवर लव. घाबरून पुन्हा क्रीम लावली की बरं वाटायचं, सोडली की पुन्हा तेच. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब हातात घेतली आणि मागची बारीक अक्षरं मलाच वाचायला लावली. स्टेरॉइड होतं. चेहरा पूर्वपदावर यायला वर्ष गेलं.

तेव्हा डबीच्या मागे मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काहीही लिहिलं असेल, तर डॉक्टरांनी तुमच्यासाठी लिहून दिल्याशिवाय आणि किती दिवस लावायचं हे सांगितल्याशिवाय लावू नका. ज्या डबीवर घटकच छापलेले नाहीत, तिला तर हातही लावू नका.

केस: तीन वाटा

पांढऱ्या केसांचं काय करायचं, यावर आमच्या भिशीत जितकी भांडणं होतात तितकी पैशांवरून होत नाहीत. वाटा तीनच आहेत: डाय, मेंदी किंवा सोडून देणं. तिन्ही चांगल्या. निम्म्यावर बदलत राहणं तेवढं वाईट दिसतं.

डाय लावत असाल तर काळा कुळकुळीत रंग सोडा. वयाबरोबर चेहऱ्याचा रंग जरा उतरतो, आणि त्याभोवती गडद काळा रंग टोपासारखा दिसतो. एक-दोन छटा फिका, गडद तपकिरी घ्या. दरवेळी सगळ्या केसांना न लावता फक्त मुळांना लावा. डायमधलं पीपीडी नावाचं रसायन कुणालाही, कधीही बाधू शकतं. वीस वर्षं काही झालं नाही म्हणून एकविसाव्या वर्षी होणार नाही, असं नसतं. दरवेळी लावायच्या ४८ तास आधी कानामागे थेंबभर लावून बघा. 'अमोनिया नाही' असं लिहिलेल्या पाकिटातही पीपीडी असू शकतं.

मेंदीचं खरं रूप एकच: पानांतल्या लॉसोन नावाच्या रंगद्रव्यामुळे येणारा केशरी-लाल रंग. जी मेंदी एकटीच केस काळे करते, ती निव्वळ मेंदी नसते. 'काळी मेंदी' नावाच्या पुड्यांत बहुतेक वेळा पीपीडीच असतं. केशरी रंग नको असेल तर दोन टप्पे करा. आदल्या रात्री चहाच्या पाण्यात लोखंडी कढईत मेंदी भिजवा, सकाळी दोन-तीन तास ठेवून नुसत्या पाण्याने धुवा. मग नीळ, म्हणजे इंडिगोच्या पानांची पूड, कोमट पाण्यात कालवा. ही भिजत ठेवायची नसते. दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यायची आणि तास-दीड तास ठेवायची. धुतल्यावर केस हिरवट दिसले तर घाबरू नका, रंग पुढच्या दिवसभरात गडद होतो. दोन दिवस शांपू नको. तिसऱ्या दिवशी तेल, कारण मेंदीने केस कोरडे होतात.

सोडून द्यायचं असेल तर हिशेब आधी करा. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे खांद्यापर्यंतचे केस पूर्ण पांढरे व्हायला दोन वर्षं. मी केस मानेपर्यंत कापून टाकले, त्यामुळे वर्षभरात सुटले. मधले सहा महिने भांगात पांढरा पट्टा आणि खाली मेंदीचं तांबूस, असं खारीसारखं दिसतं. त्या काळात सरळ भांग पाडू नका, नागमोडी पाडा म्हणजे रेघ तुटते. पांढरे केस जड पाण्याने आणि उन्हाने पिवळट पडतात. पंधरवड्यातून एकदा जांभळा शांपू लावला की तो पिवळेपणा निघतो. आणि पांढऱ्या केसांना कापणी चांगलीच लागते. वेडेवाकडे वाढलेले काळे केस मोकळे वाटतात, तसेच पांढरे असले की लोक तब्येत विचारतात.

भांग रुंद होत असेल तर आधी अंबाडा सैल करा, रोज एकाच जागी ताण बसतो. तरी थांबलं नाही तर तेलं बदलत बसण्यापेक्षा हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि बी-१२ तपासा. माझ्या जावेने दोन वर्षं कांद्याचं तेल लावलं. शेवटी थायरॉइड निघालं.

हनुवटीवर दोन-चार राठ केस येणं या वयात अगदी साधं आहे. चांगला चिमटा आणि तो पाचपट आरसा, काम झालं. एकाएकी खूप केस आले किंवा आवाज जाड झाला, तर मात्र डॉक्टर. भुवया बारीक करून घेऊ नका. या वयात त्या आपणहून विरळ होतात आणि काढलेले केस परत येतीलच असं नाही. थ्रेडिंगवालीला "फक्त खालचे" असं सांगा, आणि दोरा लागायच्या आधी सांगा.

कपाळ, डोळे, ओठ

टिकलीवर मी मुद्दाम वेळ घेणार आहे, कारण यावर कुणी बोलत नाही. माझ्या आत्याच्या कपाळावर बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग होता. लहानपणी आम्हाला वाटायचं की देवाने जागा आखून दिली आहे. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नावाचं रसायन असतं, आणि ते त्वचेचा रंग तयार करणाऱ्या पेशींनाच मारतं. एकाच जागी वर्षानुवर्षं टिकली लावली की तिथे पांढरा ठिपका उमटू शकतो. काहींना आधी खाज सुटते, मग त्वचा जराशी सोलते. ही खूण दिसली त्याच दिवशी टिकली बंद करायची.

उपाय साधा आहे. टिकली रात्री काढा, आरशावर चिकटवून सकाळी तीच पुन्हा लावू नका. आणि घरी असाल त्या दिवशी कुंकू लावा. आजीची रीत आठवते? करंडीतल्या डबीतलं मेण बोटाच्या टोकाने कपाळावर गोल फिरवायचं, मग पिंजर दाबायची आणि आरशात न बघता करंगळीने कडा पुसायची. मेणामुळे कुंकू ओघळत नाही आणि थेट त्वचेवरही बसत नाही. कुंकू मात्र हळदीचं घ्या. भडक गुलाबी, बोटाला लागून धुतल्यावरही न जाणारं असेल तर तो कापडाचा रंग समजा. आकाराचं म्हणाल, तर पापण्या जरा उतरल्या की मोठी टिकली कपाळ खाली ओढते, असं आपलं माझं मत. मी मसुराच्या डाळीएवढी लावते.

काजळाची रीत मी अशी बसवली: उभ्याने घालायचं नाही. टेबलाशी बसायचं, कोपर टेकवायचं, मोठा दाखवणारा आरसा छातीच्या उंचीवर, वर कललेला ठेवायचा. म्हणजे आपण खाली बघतो, पापणी आपोआप उतरते आणि ताणावी लागत नाही. पेन्सिल वरच्या पापणीच्या केसांच्या मुळांशी, ठिपक्यांनी टेकवत न्यायची, रेघ ओढायची नाही. खालच्या पापणीत काजळ घातलं की दुपारपर्यंत ते डोळ्यांखाली उतरतं आणि आपण आजारी दिसतो. एक काच खाली पडणारा मेकअपचा चष्माही मिळतो. एका डोळ्याने बघायचं, दुसऱ्यावर काम करायचं. सुरमा नको, कितीतरी सुरम्यांत शिसं सापडलं आहे. मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांनी टाकून द्या, उरला असला तरी.

ओठ या वयात थोडे बारीक होतात आणि कडेच्या सुरकुत्यांतून लिपस्टिक बाहेर पसरते. आधी व्हॅसलीन लावून पाच मिनिटं थांबा, टिपून घ्या, मग मऊ पण न चकाकणारी लिपस्टिक. रंग शोधायची माझी युक्ती म्हणजे जांभूळ खाल्ल्यावर किंवा विडा खाल्ल्यावर ओठांना येतो त्याच्या आसपासचा. तोच रंग बोटाने दोन्ही गालांच्या उंचवट्यावर टेकवला की वेगळा ब्लश लागत नाही. पावडर फक्त नाकावर आणि कपाळावर. चेहरा एकदम तापून घाम फुटण्याचे दिवस चालू असतील तर तीही नको, पावडरच्या गुठळ्या होतात. पर्समध्ये मऊ सुती रुमाल ठेवा आणि घाम पुसू नका, टिपा.

हातापायांचं थोडक्यात. भांड्यांच्या साबणाने हात वयाआधी म्हातारे होतात. सिंकपाशीच क्रीमची ट्यूब ठेवा, कपाटात ठेवली तर लावली जात नाही. भेगांना युरिया असलेली क्रीम, वर सुती मोजे, आठ रात्री. दगडाने रोज घासू नका.

ब्लाउज: इथे खरा फरक पडतो

चेहऱ्यावर दोन हजार खर्च करणाऱ्या बायका ब्लाउज मात्र दहा वर्षांपूर्वीच्या मापावर शिवतात. मीही तेच करायचे. सीतलामाता बाजारामागच्या गल्लीतले आमचे मास्टरजी एकदा माझा मापाचा ब्लाउज दोन बोटांनी उचलून म्हणाले, "दीदी, ये ब्लाउज तो पैंतीस साल की औरत का है. आप कब आओगी नाप देने?" राग आला. पण माप दिलं.

या वयात वजन वाढलं नाही तरी हलतं: पोटाकडे, पाठीवर, दंडावर. खांदे थोडे पुढे येतात. म्हणून माप नव्याने द्या आणि देताना नीट बसणारी ब्रा घालून जा, नाहीतर टक्स चुकीच्या जागी पडतात आणि मग मास्टरजी कितीही हुशार असोत, ब्लाउज बसत नाही. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा गोल, स्वतः तपासा: हात पूर्ण वर करून पंखा पुसल्यासारखा करा, ब्लाउज कमरेवरून वर सरकता कामा नये. बाही दंडाच्या सगळ्यात जाड भागावर संपवू नका. कोपराच्या दोन इंच वर किंवा सरळ कोपराखाली. दोन्ही बाजूंच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवायला सांगा. अस्तर मऊ सुती, शिवायच्या आधी पाण्यातून काढलेलं. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि ब्लाउज आतून चुरगळल्यासारखा होतो.

साड्यांमध्ये मी महेश्वरीकडे वळले. आमच्या अहिल्याबाईंच्या गावची म्हणून अभिमान आहेच, पण कारण वेगळं आहे. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटर. अहिल्याबाईंनी राजधानी तिथे नेली, विणकर आणून वसवले, आणि पुढे हे काम मंदावलं तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्याच मंडळींनी रेहवा सोसायटी काढून मागांना पुन्हा उभारी दिली. ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, त्यामुळे साडी वजनाला हलकी, उन्हाळ्यात सोसवणारी, तरी अंगाला जरा झळाळी देणारी. अंग बहुधा साधं किंवा बारीक चौकडीचं, काठ दोन्ही बाजूंनी सारखे, त्यामुळे उलटीसुलटी कशीही नेसा. पारंपरिक पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे. पोटावर निऱ्या फुगत नाहीत, आणि या वयात हा गुण सोन्याचा. नव्या साडीला नीट इस्त्री करून, पहिल्यांदा पिना थोड्या जास्त लावून नेसा. दोन-तीनदा नेसली की अंगवळणी पडते.

रंग निवडताना दुकानदाराच्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. साडीची घडी हनुवटीखाली धरा, दुकानाच्या दारात या आणि बरोबरच्या बाईला एकच प्रश्न विचारा: "आधी साडी दिसते की मी?" साडी म्हणाली तर घडी परत. वहिनी या कामाला उत्तम, खोटं बोलत नाही.

दागिन्यांत कानांची काळजी घ्या. जड झुमक्यांनी भोक लांबतं आणि मग कुडीही खाली झुकते. मागे लावायचे पारदर्शक आधाराचे स्टिकर मिळतात. फारच ओघळलं असेल तर डॉक्टर टाके घालून भोक लहान करतात, छोटं काम असतं. खोट्या दागिन्यांनी मानेला खाज येत असेल तर ते बहुधा निकेलमुळे. असे दागिने थोडा वेळच घाला किंवा आतल्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचा हात द्या.

कुठून सुरुवात करायची

सगळं एकदम करायला गेलात तर चौथ्या दिवशी सगळं एकदम सुटेल. पहिल्या आठवड्यात फक्त आरसा खिडकीत आणा आणि सनस्क्रीन लावा. दुसऱ्या आठवड्यात साबण बदला, टिकली रात्री काढायला लागा. तिसऱ्यात केसांची वाट ठरवा. डायची असेल तर ४८ तासांची चाचणी धरून रविवारी लावायला शुक्रवारीच सुरुवात करा. रेटिनॉल महिन्यानंतर, चेहरा शांत असेल तरच.

चौथ्या आठवड्यात कपाट उघडा. सगळे ब्लाउज पलंगावर टाका, एकेक घालून हात वर करा आणि न बसणारे बाजूला काढा. ज्यांच्यात माया आहे ते उसवून घ्यायला द्या, बाकीचे भाचीला. मास्टरजींकडे जाणार असाल तर श्रावणातच जा. नवरात्र सुरू झालं की ते मान वर न करता एवढंच म्हणतात, "दिवाली के बाद."